ओटीतली मरळ

रंजना, माझं शुद्धलेखन चुकणार आहे आणि अक्षर तर तुला माहीतच आहे, वाळत घातलेल्या झिंग्यांसारखं वाकडंतिकडं. त्याची माफी आधीच मागते. आजवर माझ्या वह्या तू बघायचीस आणि पेन्सिलनं हळूच दुरुस्त करायचीस. आता ते कोणी करणार नाही, तेव्हा जसं येईल तसं वाचून घे. माफी एवढ्याचीच. बाकी कशाची मागणार नाही. तुला जाऊन अकरा दिवस झाले आणि माझा राग आहे तसाच आहे.

तालुक्याच्या गावी, मूलच्या वाचनालयात तुझ्या फोटोला हार घातला तेव्हा मी मागे उभी होते. ग्रंथपाल म्हणून तू किती चांगली होतीस, किती लोकांना वाचायला लावलंस, असं सगळे बोलले. मलाही बोल म्हणाले, मी नाही म्हणून मान हलवली. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कोणाला काही वाटलं नाही. उघडलं असतं तर काय निघालं असतं, ते इथं लिहिते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बाजाराच्या दिवशी मासोळी विकून झाली की मी तुझ्याकडे यायची. हात दोनदा साबणानं धुवायची, तरी पुस्तकाला वास लागेल म्हणून भीत भीत धरायची. तू माझी वही मागून घ्यायचीस. एक दिवस म्हणालीस, "सुमे, नागभीडच्या पुढं गोष्टी लिवनाऱ्यायचं शिबिर हाये. मे महिन्यात. पाच दिवस राहनं-खानं तिथीच."

"मी कायले? ते शिकलेल्यायचं."

"नवशिक्यायचं नाई अन् मोठ्या लेखकायचंई नाई. मधल्यायचं हाये. ज्यायले थोडंबहुत जमते, पन पुरं जमत नाई."

"मी चवथी पास. चवथीवाले मधले कईपासून झाले?"

"तुझी गोष्ट मी पाठवली बी. त्यायनं घेतलं तुले."

तू मला न विचारता पाठवली होतीस. तेव्हा मला ते प्रेम वाटलं. तीन हजार फी होती, तीही तूच भरलीस. "होईल तशी दे" म्हणालीस.

मेचे ते दिवस तेंदूपत्त्याचे. पहाटे रानात जायचं, दुपारभर पुडके बांधायचे, पंधरा दिवसांत वर्षाच्या तेलामिठाची सोय होते. त्यातले पाच दिवस मी सोडले. घरी माझ्या मालकांनी रागानं जेवण टाकलं. तरी मी गेले. मला कोणी ओढत नेलं नाही, हे मी कबूल करते.

तिथं तलावाच्या काठाला एका संस्थेची लांबट इमारत होती, पुढे मोहाची झाडं. तूही आली होतीस. आपण दोघी सोडून बारा माणसं. नागपूरची एक बँकेतली बाई, वर्ध्याचे एक प्राध्यापक, पुण्याची एक केस कापलेली पोरगी, असे. शिकवणारे सर पहिल्याच दिवशी नियम सांगून मोकळे झाले. फोन डब्यात. सकाळी दहापर्यंत कोणी कोणाशी बोलायचं नाही, फक्त लिहायचं. आणि शेवटच्या दोन दिवसांत एकेकानं आपली गोष्ट वाचायची, तेव्हा बाकीच्यांनी आवाज काढायचा नाही. वाचून झाल्यावर सगळे बोलणार, आणि लिहिणाऱ्यानं गप्प बसायचं. आपली गोष्ट आपण समजावून सांगायची नाही.

त्या सकाळींचं खरं तेच सांगते. मी मोहाखाली वही घेऊन बसायची आणि कोणी पाणी आण म्हणायचं नाही, कोणी मासोळी खवल म्हणायचं नाही. पिकली फळं खाली पडायची, मी लिहायची. जन्मात पहिल्यांदा सलग चार सकाळी माझ्या होत्या. त्या तू दिल्यास. हे लिहायचं मनात नव्हतं, पण खोटं कसं लिहू.

आणि मी लिहिलं काय, तर तुला माहीत असलेलंच. तलावाचं पाणी उतरलं की आपल्या गावात सगळे मिळून मासोळी धरतात. पुरुष जाळं ओढतात, बाया चिखलात हातानं चाचपतात. निघालेली सगळी मासोळी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, एका ढिगात टाकायची, मग मच्छीमार सोसायटीचे म्हातारे वाटे पाडतात. ढिगात टाकायच्या आधी एक झिंगासुद्धा घरी न्यायचा नाही. आपण चौथीत होतो त्या वर्षी माझ्या मायनं एक मरळ ढिगात टाकली नाही, लुगड्याच्या ओटीत लपवली. कोणीतरी पाहिलं. पंचांनी विचारलं, कोणासाठी? माय काही बोलली नाही. आमचा वर्षाचा वाटा कापला. बायांनी वर्षभर तिला शेजारी बसू दिलं नाही. पाचवीला मूलला जायचं तर पैसे हवेत, ते कुठून येणार. तू गेलीस, मी मासोळीच्या टोपल्यापाशी बसले.

ती मरळ कुठं गेली ते गावात तीनच माणसांना माहीत होतं. माझी माय, तू आणि मी. चौथी तुझी माय, माझी मावशी म्हणायची, जिनं ती खाल्ली. तुझा भाऊ तेव्हा पाच दिवसांचा होता, आणि मावशीच्या अंगावर दूध येत नव्हतं. तलावात तुमच्या मोहल्ल्याचा वाटा नव्हता, सोसायटीत तुमची नावं नव्हती. मायनं मरळ माझ्या दप्तरात घातली आणि म्हणाली, रंजीच्या घरी दे, रस्त्यात उघडू नोको. दार तूच उघडलंस. ती अजून हलत होती. माझ्या पाटीला पुढे आठ दिवस वास येत होता आणि वर्गात तू माझ्याजवळून उठून दुसरीकडे बसली नाहीस. तेही आठवतं.

मायनं पंचांना सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर भांडण तुमच्या दारात गेलं असतं. ती चोर म्हणून मेली. म्हणून मी ती गोष्ट लिहिली. सात पानं. साडेचार पानांपर्यंत ती ओटीत मरळ टाकते आणि ढिगाकडे न जाता पाळीच्या दुसऱ्या बाजूनं उतरते. पुढच्या अडीच पानांत ती कुठं जाते, कोणाला देते आणि पंचांसमोर का बोलत नाही, ते.

वाचायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आपण तलावाकाठानं फिरायला गेलो. मी तुला सगळी तोंडी सांगितली. तू हूं देत होतीस. आपल्याकडे गोष्ट अशीच सांगतात, सांगणारा एक वाक्य सांगतो आणि ऐकणाऱ्यातलं एक माणूस हूं म्हणतं, मग पुढचं वाक्य. हूं थांबला की सांगणाऱ्यानं थांबायचं. एकतर ऐकणारा झोपला, नाहीतर कोणाच्या जिवाला लागलं. हूं नसताना गोष्ट पुढं रेटणारा माणूस आपल्याकडे बेशरम समजतात. तू शेवटपर्यंत हूं दिलास. शेवटी म्हणालीस, "चांगली झाली." मग परत येईपर्यंत काही बोलली नाहीस. मला वाटलं, तुला रडू येतंय.

"उद्या माह्यानं वाचनं होत नाई," मी म्हटलं. "सारे चूप बसतीन. मले दम लागते."

"मी बाजूलेच बसतो नं. मी देईन हूं. हळूच. सरायले आयकू नाई येनार."

म्हणून मी उभी राहिले, रंजना. तेवढ्यासाठीच.

पंख्याखाली गोल खुर्च्या, तू माझ्या डाव्या हाताला. मी वाचत होते आणि तू तोंड मिटून बारीक हूं देत होतीस. सरांनी एकदा चष्म्यावरून पाहिलं, त्यांना खोकला वाटला असेल. पहिलं पान, दुसरं, चौथं. माझा आवाज मोकळा झाला होता. मग आलं ते वाक्य. तिनं मरळ ओटीत टाकली आणि ढिगाकडे न जाता पाळीच्या दुसऱ्या बाजूनं उतरू लागली. मी थांबले. हूं आला नाही. मी तुझ्याकडे पाहिलं. तू पेनाचं टोपण लावत होतीस, काढत होतीस.

मी पुन्हा तेच वाक्य वाचलं. तू मान वर केली नाहीस.

मी वही मिटली आणि बसले. दुसरं मला काही येतच नव्हतं.

आणि त्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, इथं थांबायला धाडस लागतं, शेवट वाचकावर सोडला आहे, शेवटचं वाक्य दोनदा वाचणं तर फारच परिणामकारक. पुण्याची पोरगी म्हणाली, ती मासोळी म्हणजे त्या बाईची दाबून ठेवलेली इच्छा आहे. प्राध्यापक म्हणाले, नाही, ते बंड आहे, गावाविरुद्ध. बँकेतल्या बाईनं एवढंच म्हटलं, "पण चोरी ती चोरीच, नाही का? गरीब असली म्हणून काय." यावर अर्धा तास गेला. माझी माय चोर आहे की बंडखोर चोर आहे, यावर बारा माणसं बोलली, आणि मला बोलायची बंदी. मी हात वर केला होता. सर हसून म्हणाले, "लेखिका आता बोलणार नाही. जे सांगायचं ते कथेनं सांगितलं." मला शेवटी फक्त धन्यवाद म्हणायची परवानगी होती. मी धन्यवाद म्हटलं.

तू एक शब्द बोलली नाहीस. तुला तर बंदी नव्हती.

त्या रागातही मी स्वतःची समजूत घातली की तू सरांना भ्यालीस. मग दिवाळीत शिबिराच्या गोष्टींचं पुस्तक आलं. टाइप तूच केलं होतंस, माझी वही तुझ्यापाशीच होती, सातही पानं. पुस्तकात साडेचार. खाली माझं पूर्ण नाव आणि गाव.

ते पुस्तक आमच्या देवरावभाऊच्या हाती लागलं. माझा चुलतभाऊ, आता सोसायटीचा सचिव आहे, आणि तेव्हा वाटा कापणाऱ्या पंचांत त्याचा बाप होता. भर बाजारात माझ्या टोपल्यापुढं उभा राहून म्हणाला, "वा सुमन. काकूनं मासोळी चोरली ते आमी सांगे तं तुले राग ये. आता तूच छापून देल्लं. आमचे बुढे खोटे नोहोते म्हना." दोन गिऱ्हाइकं हसली. मी रोहू कापत होते, कापत राहिले.

त्याच दुपारी मी तुझ्या टेबलापाशी आले.

"अर्धी काऊन छापली?"

"तुनंच अर्धी वाचली."

"तुनं हूं सोडला म्हून अर्धी वाचली."

तू आजूबाजूला पाहिलंस, पेपर वाचत बसलेला एक म्हातारा होता. आवाज खाली आणून म्हणालीस, "मी त्या लोकायसमोर काय सांगू देऊ? का रंजनाची माय चोरीच्या मासोळीवर जगली? सारेजन मले कसे पाहतीन मंग? बिचारी म्हून. मी सोळा वर्षं ह्या खुर्चीवर बसून राह्यली, कोनाले बिचारी म्हनू नाई देल्लं."

"तुझं नाव नोहोतं लिवलं त्यात."

"मले तं माहीत होतं नं."

"अन् माह्या मायले चोर केलं ते?"

मग तू ते बोललीस. "तुझी माय मेली, सुमन. माझी जिती हाये."

तुला ते बोलल्याचं वाईट वाटलं, तुझ्या तोंडावर दिसलं. पण तू मागे घेतलं नाहीस. उलट पुढं म्हणालीस, "तीन हजार भरून नेलं तुले, त्याचं हे फळ."

तेव्हापासून मी जमेल त्या बाजाराला तुझ्या टेबलावर पैसे ठेवू लागले. कधी पन्नास, कधी शंभर. तू ते ड्रॉवरमध्ये टाकायचीस आणि माझ्यासाठी काढून ठेवलेलं पुस्तक पुढं सरकवायचीस. मी ते घ्यायची. एवढं भांडण आणि तू पुस्तक काढून ठेवायची सोडलं नाहीस, मीही न्यायची सोडलं नाही. पुस्तकं चांगलीच असायची. दीड वर्ष आपण असं चालवलं. पाचशे उरले तेव्हा मी थांबले. तुला सांगितलं, "उरलेली गोष्ट लोकायसमोर येईन, त्या दिवशी उरलेले पाचशे."

"तुह्या पाचशेनं माह्यं काई अडत नाई," तू म्हणालीस आणि शिक्का मारून पुस्तक दिलंस.

तू मला बोललेलं शेवटचं वाक्य ते. मग ताप आला, चार दिवसांत चंद्रपूरला नेलं, आणि परत आणलं ते तुला नाही, तुझ्या अंगाला. मला बाजारात बांगड्यावालीनं सांगितलं. मी टोपलं तिच्याकडे सोडून आले. मी रडले नाही. मला एवढंच वाटलं की आता ही कधीच छापणार नाही.

सातव्या दिवशी तुझ्या घरी सगळे जमले. भंतेजी येऊन गेले, जेवणं झाली, बाया अंगणात मांडवाखाली मावशीला घेऊन बसल्या. तू मावशीला गावाहून मूलला आणलंस तेव्हापासून मी तिला पाहिलं नव्हतं. डोळ्यांनी तिला आता अंधुक दिसतं. आपल्या गावची बरीच माणसं आली होती. देवरावभाऊही होता, पुरुषांत, हातभर अंतरावर. मी मावशीजवळ जाऊन नुसती बसले.

"कोन हाये?" मावशीनं माझा हात चाचपला.

"सुमन, मावशी."

"दप्तरवाली सुमन?"

मी हो म्हटलं. ती माझा हात सोडेना. मग तिनं कोणी न विचारता सुरू केलं, मोठ्यानं, बहिऱ्या माणसाच्या आवाजात. "ह्या पोरीच्या मायनं मले मरळ धाडली होती, बायांनो. लेकरू पाच दिवसाचं, अंगावर दुधाचा थेंब नाई. हे एवढीशी, दप्तरात घालून घेऊन आली. रातच्याले रस्सा खाल्ला अन् पाहाटेले दूध उतरलं. तिचा वाटा कापला म्हून आयकलं मी, तं मी उठून पंचायकडे चालली होती, बाळंतीण. तिनं मले दारातून वापस फिरवलं. म्हने, माह्यं एकटीचं जाऊ दे, तुमच्या मोहल्ल्यावर येईन."

हे मलाही माहीत नव्हतं. माझ्या सात पानांत हे नव्हतं.

मी विचारलं, "मावशी, हे सांगाले तुमाले लाज नाई वाटत?"

"कायची लाज वो? तलावभर मासोळी अन् एक मरळ भारी झाली त्यायले, त्यायले वाटाव लाज. मी रंजीले कितीक डाव म्हटलं, सुमनले बलाव, मले सांगू दे चार लोकात. ते म्हने, माय तू चूप राह्य, तुले समजत नाई." मग तिनं डोळे पुसले. "माही लेक हुशार होती. पन ह्याच्यात तिले समजलं नाई."

मी देवरावभाऊकडे पाहिलं. तो खाली बघून चपलेच्या पट्ट्याशी काहीतरी करत होता. आपल्या गावच्या पाच-सात बाया माझ्याकडे बघत होत्या. त्यातली एक, जिच्या सासूनं माझ्या मायला वर्षभर जवळ बसू दिलं नव्हतं, सरकली आणि मला टेकायला जागा केली. निघताना देवरावभाऊ दाराशी म्हणाला, "मले माहीत नोहोतं, सुमन." मी म्हटलं, "माहीत करून घ्याचं होतं." माझ्या तोंडून हे निघालं याचं मलाच नवल वाटलं.

तर एवढं सोपं होतं, रंजना. ज्या माणसाला लाज वाटेल म्हणून तू माझ्या मायला चोर राहू दिलंस, त्या माणसाला लाज वाटतच नव्हती. ती सांगायला बसली होती आणि तू तिचं तोंड बंद केलंस, जसं माझं केलंस. मी तुला याची माफी देत नाही. मावशीला जाऊन विचारावं हे माझ्याही डोक्यात आलं नाही, तिला लाज वाटेल असं मीही गृहीत धरलं, तेवढा दोष माझा. बाकीचा तुझा. तू जिवंत असतीस तर मी परवाच टेबलापाशी येऊन हे तुला तोंडावर सांगितलं असतं, पेपर वाचणाऱ्या म्हाताऱ्यासमोर. आणि तू काहीतरी टोचून बोलली असतीस. आता मी कोणाशी भांडू? वाचनालयात त्या खुर्चीवर एक पोरगा बसवला आहे. त्यानं मला विचारलं, कोणतं पुस्तक पाहिजे बाई? मला सांगता आलं नाही. मला कधी सांगावंच लागलं नव्हतं.

काल बाजार होता. मासोळी विकून झाल्यावर मी हात धुतले आणि तुझ्या घरी गेले. तुझे मालक, अशोकभाऊ, दारात बसले होते. मी पाचशेची नोट पुढं केली.

"हे कायचे?"

"रंजनाचे होते माह्याकडे. शिबिराच्या फीचे."

"राहू द्या बाई. ते कुठी मागाले येनार हाये आता."

"आमचं ठरलं होतं. गोष्ट लोकायसमोर आली का द्याचे."

कसली गोष्ट, ते त्यांना कळलं नाही आणि मी सांगितलं नाही. आतून मावशीनं विचारलं, कोन आलं? ते म्हणाले, सुमनबाई. त्यांनी नोट घेतली, दोन घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवली. तुझे तीन हजार पुरे फिटले.